मुळं बघायचं यंत्र आणि एक जीभ

वैशाली तायडेनं मला अमरावतीला तीनदा बोलावलं आणि तिन्ही वेळा मी कामाचं निमित्त सांगितलं. काम असायचंच, पण न जाण्याचं कारण ते नव्हतं. आम्ही दोघी पुण्यात एकाच वर्षी पॅथॉलॉजी शिकलो, होस्टेलच्या एकाच खोलीत तीन वर्षं राहिलो. परीक्षेत मी पहिली आले, ती पाचवी की सहावी. मी पुण्यातच एका मोठ्या रुग्णालयात लागले, ती वऱ्हाडात परत गेली. ‘हुशार मुलगी, उगाच गावाकडे जाऊन बसली’ असं मी वीस वर्षं हळहळत आले आणि त्या हळहळण्यात मला फार सुख होतं.

मग गेल्या वर्षी एका परिषदेत ती व्यासपीठावर होती आणि मी सातव्या रांगेत. न कापलेल्या ऊतीत कर्करोग कुठून कुठे पसरत जातो, याची क्ष-किरणांनी घेतलेली चित्रं ती दाखवत होती. भाषण संपल्यावर लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. मीही उभी राहिले, कारण बसून राहिले असते तर ते कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

चौथ्यांदा तिचा फोन आला तेव्हा ती वेगळंच बोलली. “नीलिमा, एक केस अडून राहिली. माझ्या नजरेवर माझा भरवसा नाही. तू ये.”

तिला माझी गरज आहे म्हटल्यावर मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

बडनेरा, शुक्रवार

जानेवारीतली सकाळ. बडनेऱ्याच्या फलाटावर वैशाली कानाला स्कार्फ बांधून उभी होती. केस पांढरे झाले होते आणि तिनं ते तसेच ठेवले होते. मी माझे दर तीन आठवड्यांनी रंगवते. स्टेशनच्या बाहेर पडेपर्यंत तिला पाच जणांनी थांबवलं. कुणी जय भीम केला, कुणी आईचा रिपोर्ट विचारला, एका हमालानं ओठ खाली ओढून तिला आपली हिरडी दाखवली. तिनं तिथेच मोबाइलच्या उजेडात ती पाहिली. “खर्रा सोडला का?” खर्रा म्हणजे इकडची घोटलेली तंबाखू-सुपारी. “सोडला ना मॅडम.” “मंग हे दात लाल काहून?” तो हसत पळाला. पुण्यात मी ज्या इमारतीत अठरा वर्षं राहते, तिथल्या लिफ्टमध्ये मी डॉक्टर आहे हे दोघांना माहीत असेल.

तिचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. घर रेल्वे कॉलनीच्या मागे, पुढे पेरूचं झाड, बैठकीत बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली वैशालीची सगळी प्रमाणपत्रं ओळीनं. नाश्त्याला तर्रीचे पोहे होते. आमच्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात, इथे झणझणीत लाल रस्सा ओततात आणि पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं की समाधानानं अजून एक पळी वाढतात.

“तुमच्या पुन्यात त अशा मशिनी लय असतीन ना, बाई?” बाबांनी विचारलं.

“असतात ना,” मी म्हणाले. माझ्या विभागानं तशा यंत्राची मागणी करून सहा वर्षं झाली होती. फाइल कुठल्या टेबलावर आहे हे मला आता माहीतही नाही.

दुपारी अमरावतीत तिची लॅब पाहिली. दोनच खोल्या, पण भिंतभर कप्पे आणि त्यांत मेणाचे हजारो ठोकळे. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. शस्त्रक्रियेत काढलेला मांसाचा तुकडा आम्ही मेणात घट्ट बसवतो, मग केसाहूनही पातळ काप काढून रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. एका ठोकळ्यातून शेकडो काप निघू शकतात, बघतो तीन-चार. संत्र्याच्या तीन फोडी सोलून बघायच्या आणि अख्ख्या संत्र्यात बी नाही असं लिहून द्यायचं, असा आमचा धंदा आहे. बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो.

तिनं एक ठोकळा माझ्या तळहातावर ठेवला. आत तपकिरी रंगाची, बोटाच्या पेराएवढी जिभेची कड होती.

“देविदास इंगोले. तिवसा तालुक्यातले. जिभेच्या डाव्या कडेला कर्करोग. तीन आठवडे झाले काढून. रिपोर्टमध्ये आहे, कडा स्वच्छ, मज्जातंतूत शिरकाव नाही.”

“मग अडलं कुठे?”

“ते म्हणतात, हनुवटीच्या कडेला मुंग्या चालतात. शस्त्रक्रियेनंतर होतं असं, सर्जनही तेच म्हणाले. पण मला चैन पडत नाही.”

“रिपोर्ट कुणाचा आहे?”

“माझाच,” ती म्हणाली. किती सहज! माझ्या विभागात असं वाक्य उच्चारायच्या आधी लोक दार लावून घेतात. मला तिच्या यंत्राचा हेवा वाटत होता, त्यात आता या एका शब्दाची भर पडली.

कर्करोग मज्जातंतूला धरून पसरत असेल, तर नुसतं कापून भागत नाही, मागाहून किरणोपचार द्यावे लागतात. ते वेळेत सुरू झाले तरच खरा उपयोग. म्हणजे आठ-पंधरा दिवसांत ठरवायला हवं होतं.

अकोला, शनिवार

पहाटेच निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळं रान, हरभरा घाट्यांवर आलेला, कापसाच्या शेवटच्या वेचणीला वाकलेल्या बाया. वैशाली गाडी चालवत होती आणि जिभेचा ठोकळा स्टीलच्या डब्यात, कापसात गुंडाळून, माझ्या मांडीवर होता.

अकोल्यातली ती प्रयोगशाळा कर्करोगाची नाहीच, शेतीची आहे. तिथलं क्ष-किरण यंत्र जमिनीतली मुळं बघायला आणलेलं. माती न उकरता, रोप न उपटता, मूळ कुठे चाललंय ते दिसतं. शनिवारी त्याला काम नसतं. वैशालीनं अर्ज केला, दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा ती स्वतः जाऊन बसली आणि शनिवार मिळवले. हे मला गाडीत कळलं. म्हणजे तिलाही कुणी यंत्र दिलं नव्हतं. मी सहा वर्षं फाइलची वाट पाहत होते आणि ही बाई मुळांच्या यंत्रापाशी जाऊन बसली.

यंत्र चालवणारे ढोके नावाचे गृहस्थ होते, पन्नाशीचे, स्वेटरवर स्वेटर घातलेले. त्यांनी आधी मला पडद्यावर आपली मुळं दाखवली. “हे पाहा मॅडम, तुरीचं मूळ. गोटा आला का वळसा घालते, पन मांगं नाई फिरत.”

ठोकळा एका फिरत्या चकतीवर बसवला. नेहमीचे क्ष-किरण हाडापाशी अडतात म्हणून हाड दिसतं. मऊ मांसातून ते जवळजवळ सरळ पार होतात, म्हणून साध्या फोटोत मांसाचा तपशील मिळत नाही. पण पार होताना ते अगदी किंचित वाकतात. मज्जातंतू त्यांना वेगळं वाकवतो, स्नायू वेगळं, रक्तवाहिनी वेगळं. हे यंत्र तो बाक टिपतं. चकती जराजराशी फिरते, दर वेळी एक चित्र निघतं, आणि दीडएक हजार चित्रं जोडून संगणक ठोकळ्याचं आतलं सगळं उभं करतो. एकही काप न काढता. सात तास लागतात.

पाचव्या तासाला वीज गेली. पाठीमागच्या बॅटऱ्यांनी दोन मिनिटं दम धरला आणि यंत्र बंद पडलं. ढोके कपाळावर हात मारून बसले. मी काय केलं ते लिहायला नको, पण लिहिते: मला बरं वाटलं. वैशालीनं घड्याळ पाहिलं, “चला, कचोरी खाऊ,” म्हणाली. वीज आल्यावर तिनं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, या वेळी जवळून आणि फक्त संशयाच्या भागापुरतं. ते तीन तासांत होतं. चिडचिड नाही, नशिबाला बोल नाही. मला त्या शांतपणाचाही राग आला.

संध्याकाळी उजेड असतानाच चित्र उभं राहिलं. राखाडी रंगात जिभेचा आतला मुलूख. वैशाली माउस सरकवत खोल खोल जात होती. वीस वर्षं ज्याचे मी फक्त सुटे तुकडे पाहिले, ते सगळं इथे अखंड होतं. रक्तवाहिन्या फाटे फुटत कुठे जातात ते दिसत होतं. मज्जातंतू दोरीसारखे होते. आणि त्यांतल्या एका दोरीभोवती, तिच्या आधीच्या कापांच्या बरोबर मधल्या जागेत, एक जाडसर वेष्टण होतं.

“हे त मुळावानीच चालून राहिलं,” ढोके हळूच म्हणाले.

“किंवा नुसती सूज असेल,” मी म्हणाले.

“असेल,” वैशाली म्हणाली. “म्हणूनच तुला बोलावलं. या चित्रानं जागा कळते, पेशी कळत नाहीत. उद्या बरोबर त्या खोलीला काप काढू. मला ते तिथे असायला हवं आहे, समजलं? माझी पद्धत खरी ठरावी म्हणून. अशा डोळ्यांनी मी बघायला नको. तू बघ.”

अमरावती, रविवार सकाळ

तिनं स्वतः काप काढले, रंगवले, आणि काच माझ्यापुढे ठेवून लांब खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

मी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. मज्जातंतू मधोमध होता. त्याच्या एका बाजूला दाहाच्या पेशींची गर्दी आणि त्या गर्दीत, कडेला चिकटून, सात-आठ मोठ्या पेशी. गडद, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या. पहिल्या पाच सेकंदांतच मला कळलं. या कामात इतकी वर्षं घातल्यावर तसं कळतं.

नंतरची दहा मिनिटं मी बघत असल्याचं नाटक केलं. परिषदेतलं ते सभागृह डोळ्यांपुढे आलं. ‘जागा तिच्या यंत्रानं दाखवली, पुण्याहून आलेल्या डॉक्टरांनी दुजोरा दिला’ असं ती पुढच्या भाषणात सांगेल, तेही आलं.

“सूज आहे,” मी म्हणाले. “दाहाच्या पेशी. मला यात दुसरं काही दिसत नाही.”

वैशाली खिडकीपासून जवळ आली. मग म्हणाली, “नक्की?”

“तूच म्हणालीस ना, तुझ्या डोळ्यांनी बघायचं नाही म्हणून.”

तिनं मान हलवली. हिरमुसली होती, पण तिच्या चेहऱ्यावर सुटकाही दिसली. “चल, बरं झालं मग. देविदासभाऊंना एवढी किरणं खायला नकोत. आज त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय, तिथेच सांगू.”

तिवसा, रविवार दुपार

गाव तिवशाच्या अलीकडे, नागपूरच्या रस्त्यावरून आत. देविदास इंगोले संत्र्याच्या बाजारात हर्रास बोलायचे, म्हणजे ढिगापुढे उभं राहून लिलाव पुकारायचे. तीस वर्षं त्यांच्या आवाजावर बाजार उघडायचा. तोंड सतत चालू ठेवायचं म्हणून गालात खर्रा, आणि खर्ऱ्यानं जीभ धरली.

अंगणात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते. कणकेचे मोठे गोळे, वरून राखेत काळवंडलेले, फोडले की आत वाफ. त्यावर तुपाची धार आणि बाजूला वांग्याची भाजी. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी मला तीन वाढले. देविदासभाऊ मात्र रोडगा दुधात कुस्करून, गिळगिळीत करून, उजव्या बाजूनं सावकाश खात होते. आमचं होऊन अर्धा तास झाला तरी त्यांचं चालूच.

जेवणानंतर ते उभे राहिले. वैशालीनं त्यांना रोज मोठ्यानं बोलायचा सराव सांगितला होता आणि त्यांनी तो आपल्या पद्धतीनं चालवला होता: घरातल्या एकेका वस्तूचा हर्रास. शब्द जड येत होते, ‘ल’ आणि ‘र’ घसरत होते, पण ताल पक्का होता. सूप झालं, घागर झाली. मग त्यांनी माझ्याकडे हात केला.

“बोला, हा पुन्याचा माल! पाहून घ्या, वरून चकचकीत! आतून कसा हाय, थे कापल्याबिगर समजनार नाई!”

सगळे हसले. कुसुमताई तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले असेन.

मग ते खाटेवर बसले आणि गंभीर होऊन म्हणाले, “वैशालीताई, आता माह्यं सांगा. आतून साफ हाय का नाई?”

“आज या मॅडमनी पाहिलंय, भाऊ. यांच्याच तोंडून ऐका.”

ते माझ्याकडे वळले. डावा हात हनुवटीच्या कडेवरून फिरत होता, मुंग्या चालतात तिथेच, त्यांच्या नकळत. मी ‘साफ आहे’ म्हणायला तोंड उघडलं आणि ते शब्द आले नाहीत.

“एकदा परत बघायचंय,” मी म्हणाले. “उद्या सांगते.”

वैशालीनं चमकून माझ्याकडे पाहिलं.

गुरुकुंज मोझरी

परतताना आम्ही मोझरीला थांबलो. तिला तिथल्या आश्रमातली संध्याकाळची प्रार्थना आवडते, लहानपणी बाबांबरोबर यायची म्हणे. शेकडो माणसं रांगेत बसलेली, कुणी कुणाच्या पुढे नाही, आणि एकदम सगळं शांत झालं. मी कुठल्याच प्रार्थनेला बसत नाही. त्या शांततेत मला फक्त त्या सात-आठ पेशी दिसत होत्या.

बाहेर गाडीपाशी आल्यावर मी म्हणाले, “वैशाली, सकाळच्या काचेत कर्करोग आहे.”

“काय?”

“मज्जातंतूच्या कडेला. मला लगेच दिसला होता. मी खोटं बोलले.”

तिनं गाडीची किल्ली खिशात परत ठेवली. होस्टेलमध्ये ती माझ्याशी पुणेरी बोलायची; या तीन दिवसांतही बरीचशी तशीच बोलत होती. आता ते सगळं गळून पडलं.

“काहून?”

मला सुचेल ते मी बोलले. सभागृह, सातवी रांग, सहा वर्षांची फाइल. शेवटी म्हणाले, “जळले मी तुझ्यावर. खूप दिवस जळतेय.”

“माह्यावर जळ ना तू,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “पायजे तेवढी जळ. त्या मानसाच्या जिभीवर काहून?”

येणारे-जाणारे लोक आमच्याकडे बघत होते. आम्ही गाडीच्या दोन बाजूंना उभ्या होतो. मग तिनं दार उघडलं. अमरावती येईपर्यंत ती एकच वाक्य बोलली: “आता तुझ्या नुसत्या सांगण्यावर मी काही लिहिणार नाही. उद्या अजून काप काढू, आधी मी बघीन.”

रात्री बाबांनी मला हातानं सोलून संत्रं दिलं. मी ते बशीत तसंच ठेवलं.

अमरावती, सोमवार

सकाळी तिनं चित्र उघडलं, वेष्टण सगळ्यांत जाड कुठे आहे ते पाहिलं आणि त्या खोलीपर्यंत ठोकळा तासून चार काप काढले. या वेळी खिडकीपाशी मी उभी होते. तिनं पाहिलं, उठली, आणि मला जागा दिली. तिसऱ्या कापात शंकेला जागाच नव्हती. मज्जातंतूला पूर्ण वेढा होता.

“सर्जनना फोन करते,” ती म्हणाली.

देविदासभाऊ अकराला आले, कुसुमताई बरोबर. वैशालीनं काहीही न फिरवता सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हंजे ताई, तुमचा पैला रिपोर्ट चुकला?”

“हो भाऊ, चुकला. मधली जागा मी पाहिलीच नव्हती.”

“आन या बाईनं पकडला?”

“मशीननं पकडला,” वैशाली म्हणाली. माझ्याबद्दल ती काहीच बोलली नाही. ना चांगलं, ना वाईट.

तिथे गप्प बसता आलं असतं. “काका,” मी म्हणाले, “मला काल सकाळीच दिसलं होतं. मी सांगितलं नाही. चूक झाली माझी.”

कुसुमताईंनी आधी माझ्याकडे, मग वैशालीकडे पाहिलं. देविदासभाऊंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात माल बघावा तसं. मला वाटलं, आता ते कारण विचारणार.

“मंग आता तरी बोलत नका बसू,” ते म्हणाले. “कोठी जा लागते, थे सांगा.”

पुणे

खात्रीसाठी करतात तो खास रंग वैशालीकडे होत नाही. तो मी पुण्यात केला. ठोकळ्याचे काप माझ्या पर्समधून आणले, दोन दिवसांत रिपोर्ट पाठवला. त्यात पहिलंच वाक्य लिहिलं, की ही जागा डॉ. वैशाली तायडे यांनी क्ष-किरण चित्रणातून शोधली. ते वाक्य टाइप करताना मला काही उदात्त वगैरे वाटलं नाही. दात दुखत असताना लिहावं तसं लिहिलं.

किरणोपचार वेळेत सुरू झाले आणि पूर्ण झाले. देविदासभाऊंच्या तोंडात फोड आले, वजन उतरलं, महिनाभर पातळ पेजेवर होते. मुंग्या थांबल्या आहेत. पुढची दोन वर्षं लक्ष ठेवावं लागेल. हे सगळं मला वैशालीनं फोनवर सांगितलं, तुटक, कामापुरतं. जाताना ती मला बडनेऱ्याला सोडायला आली नव्हती; बाबा आले होते. त्याच फोनवर तिनं सांगितलं की तिला तिची चित्रं घेऊन परदेशात बोलावलंय. मी अभिनंदन केलं. फोन ठेवल्यावर तेच जुनं जळणं परत आलं, जसंच्या तसं. एका प्रवासानं ते जाईल अशी माझी समजूत होती. तसं झालं नाही.

त्या आठवड्यात मी आमच्या तळघरातल्या कपाटातून एक जुना ठोकळा काढला. एका शिक्षिकेच्या जिभेचा. ‘कडा स्वच्छ’ असं मी लिहिलं होतं आणि वर्षभरात त्या गेल्या. रोगच आक्रमक होता, असं मी त्यांच्या पतींना सांगितलं होतं, स्वतःलाही. त्यांच्या घरी जाऊन मी परवानगी मागितली, आणि का मागते तेही सांगितलं. त्यांनी सही केली.

ढोकेंनी येत्या शनिवारची वेळ दिली आहे. मी वैशालीला फोन केला आणि विचारलं, “येशील का अकोल्याला?”

“कोण बघणार?” तिनं विचारलं.

“आधी तू,” मी म्हणाले.